अर्ध्या नारळाची सोय

माझे वडील एकोणपन्नासाव्या वर्षी गेले, तेव्हा गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या घरी जमलेल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता, की या माणसाला हृदयविकार झालाच कसा. ते सडपातळ होते, त्यांनी कधी विडी ओढली नाही, रोज सकाळ-संध्याकाळ शेतापर्यंत चालत जात आणि सोमवार व गुरुवार असे आठवड्याचे दोन दिवस कटाक्षाने शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवत. त्यांच्या पापण्यांवर, नाकाकडच्या कोपऱ्यांशी, पिवळसर चपटे डाग होते. आई ते वयाचे डाग समजत असे. टाचेच्या मागची शीर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी दोरी, तर इतकी जाड होती की चपलेचा पट्टा तिथे हमखास घासायचा आणि बाबा दर पावसाळ्यात नवी चप्पल घेताना चांभाराला तो पट्टा सैल करायला सांगायचे. हे डाग आणि ही जाड शीर या एकाच दोषाच्या खुणा होत्या, म्हणजे रक्तात मावेनासे झालेले कोलेस्टेरॉल त्वचेखाली आणि शिरेत साठत होते, हे मला कळायला पुढे सतरा वर्षे जावी लागली. आणि तेही माझा स्वतःचा रिपोर्ट हातात पडला म्हणून.

मी फोंडा तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवते. शिक्षकांसाठी भरवलेल्या आरोग्य तपासणीत, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, माझे एकूण कोलेस्टेरॉल ३३० आले, एचडीएल, म्हणजे चांगले मानले जाणारे कोलेस्टेरॉल, ४६, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १३० आणि एलडीएल, म्हणजे वाईट मानले जाणारे कोलेस्टेरॉल, २५८, सगळे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. हा शेवटचा आकडा बहुतेक प्रयोगशाळा प्रत्यक्ष मोजत नाहीत, तर १९७२ साली मांडल्या गेलेल्या फ्रीडवाल्ड सूत्राने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. गणिताच्या शिक्षिकेने घाबरल्यावर काय करावे, तर मी ती वजाबाकी कागदावर पुन्हा केली. उत्तर २५८ च आले.

ज्या डॉक्टरांना मी तो रिपोर्ट पहिल्यांदा दाखवला, त्यांनी माझे वजन पाहिले, ते बेताचेच होते, आणि अंडी, सुंगटे (कोळंबी) व तळलेले पदार्थ बंद करून तीन महिन्यांनी यायला सांगितले. वडील कशाने गेले, किती वर्षांचे असताना गेले, हे त्यांनी विचारले नाही आणि ते सांगायला हवे हे मलाही सुचले नाही. मी मात्र पथ्य मनापासून पाळले. अंडे घरात आले नाही. बुधवारी कोळणीच्या पाटीत सुंगटे दिसली की मी नजर फिरवून बांगडे घेतले. पावाऐवजी पोदेराकडून पोई घेऊ लागले, कारण पोईला कोंडा असतो आणि कोंडा कोलेस्टेरॉल कमी करतो असे सगळेच म्हणतात. मध्ये श्रावणही आला, म्हणजे एक अख्खा महिना मासळी नाही. तीन महिन्यांनी एलडीएल २५१ भरले. एकाच माणसाचे रक्त दोन वेगवेगळ्या दिवशी तपासले तरी पाच-दहा टक्क्यांचा फरक सहज पडतो, त्यामुळे त्या सात आकड्यांना काहीच अर्थ नव्हता. मी तीन महिने व्रत केले होते, इतकेच.

ते पथ्य का फसले हे समजण्यासाठी हा दोष नेमका कुठे आहे हे आधी समजावे लागते, आणि मला ते पणजीतल्या एका हृदयरोगतज्ज्ञांनी समजावले. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून पहिला प्रश्न वडिलांविषयी विचारला. मग माझ्या टाचेची शीर दोन बोटांत धरून पाहिली. थायरॉइड मंदावले तरी एलडीएल वाढते म्हणून ती तपासणी करून घेतली, साखर आणि मूत्रपिंडाचीही करून घेतली, आणि सगळे ठीक आल्यावर म्हणाले, की हे खाण्याने आलेले नाही, हे वडिलांकडून आलेले आहे. वैद्यकात याला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. साधारण अडीचशे माणसांमागे एकाला हा दोष असतो, आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते, आणि बहुतेकांना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नसते. उपचार न मिळालेल्या पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना पन्नाशीपर्यंत हृदयविकार गाठतो. बायकांना तो साधारण दहा वर्षे उशिरा गाठतो. बाबांचे एकोणपन्नास वर्षांचे आयुष्य त्या वाक्यात इतके चपखल बसले की मला काही क्षण पुढचे ऐकू आले नाही.

पुढचे मी नंतर घरी बसून वाचले आणि माझ्या समजुतीसाठी खाजनातल्या, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, मानशीच्या रूपात मांडले. ओहोटीच्या वेळी शेतातले पाणी नदीत सोडणारी मानशीची दारे ज्याने पाहिली आहेत, त्याला हे लगेच कळेल. आपले बहुतांश कोलेस्टेरॉल शरीर स्वतः तयार करते, आणि रक्तात फिरणारे एलडीएलचे कण काढून घेण्याचे काम यकृताच्या पेशींवरचे रिसेप्टर करतात. हे रिसेप्टर म्हणजे दारे. ती बनवण्याची आज्ञा ज्या जनुकात लिहिलेली असते, त्याची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून येते. माझी वडिलांकडून आलेली प्रत सदोष आहे, म्हणून माझ्या मानशीची निम्मी दारे जन्मापासून बंद आहेत. पाऊस इतरांच्या शेतात पडतो तेवढाच माझ्याही शेतात पडतो, पण पाणी उतरत नाही. ही दारे असतात, हे मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी डॅलसला शोधून काढले, आणि त्यासाठी त्यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यांच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात, त्या मुलांना विशीच्या आतच हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. अशाच मुलांच्या पेशी तपासत हे दोघे त्या शोधापर्यंत पोहोचले. आमच्या घरावर त्या मानाने अर्धीच वेळ आली, असे म्हणायचे.

आता अंडी आणि सुंगटे सोडून काही का झाले नाही, ते पाहू. अन्नातून आलेले कोलेस्टेरॉल रक्तातल्या कोलेस्टेरॉलवर परिणाम करते, पण बेताचाच. शंभर ग्रॅम सुंगटांत दीडशे मिलिग्रॅमहून अधिक कोलेस्टेरॉल असते हे खरे; मात्र त्यांत संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) अर्धा ग्रॅमसुद्धा नसते. आणि उरलेली निम्मी दारे जी गोष्ट आणखी जाम करते, ती म्हणजे ही संपृक्त चरबी: ती भरपूर खाल्ली की यकृत आपले रिसेप्टर कमी करते. म्हणजे ज्याच्याकडे आधीच अर्धी दारे आहेत, त्याने मुख्यतः कशावर लक्ष ठेवावे हे उघड होते. मी तीन महिने पाटीतल्या सुंगटांवर लक्ष ठेवले होते आणि आदोळीवर बसून नारळ मात्र पूर्वीइतकाच खवत होते.

गोव्यात राहून नारळाबद्दल लिहिणे अवघड आहे, कारण इथे नारळ हा पदार्थ नसून स्वयंपाकाचे व्याकरण आहे. खवलेल्या नारळाला आम्ही सोय म्हणतो, आणि सोय नसेल तर काही जमत नाही हे शब्दातच आले. आमच्या चार माणसांच्या घरात रोज एक नारळ फुटायचा: दुपारच्या हुमणाला, म्हणजे माशाच्या आमटीला, भाजीवर पेरायला आणि उरलाच तर रात्रीच्या तोणकाला, म्हणजे कडधान्याच्या रश्श्याला. एके दिवशी मी सोय वजनकाट्यावर टाकली, ती २४० ग्रॅम भरली. ओल्या नारळाच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे तेहतीस ग्रॅम चरबी असते आणि तिच्यातली जवळजवळ तीस ग्रॅम संपृक्त असते. माणशी साठ ग्रॅम सोय, म्हणजे अठरा ग्रॅम संपृक्त चरबी. एलडीएल वाढलेल्या माणसाने दिवसभराच्या उष्मांकांपैकी सात टक्क्यांच्या आत संपृक्त चरबी ठेवावी, असा सल्ला दिला जातो. माझ्या खाण्याच्या हिशेबाने ती मर्यादा चौदा ग्रॅम होते. म्हणजे चहातले दूध, पोळीवरचे तूप, फोडणीचे तेल यांतले काहीही मोजण्याच्या आधी, एकट्या नारळानेच मी रोज मर्यादा ओलांडत होते.

यावर लगेच येणारा युक्तिवाद मला पाठ आहे, कारण तो मी स्वतः बरीच वर्षे केला आहे: आपले पूर्वज नारळावरच जगले, त्यांना कुठे काय झाले. त्याचे उत्तर निदान माझ्या घरापुरते असे आहे, की माझ्या पूर्वजांना झाले होते. आजोबाही असेच अचानक, शेताच्या बांधावर गेले होते, आणि त्यांना काहीतरी बाधा झाली असे घरात मानले गेले. दुसरा युक्तिवाद असा, की नारळातली चरबी वेगळी, ती अंगी लागत नाही. खोबरेल तेलात सुमारे नव्वद टक्के संपृक्त चरबी असते, त्यातली जवळपास निम्मी लॉरिक आम्लाची असते, आणि लॉरिक आम्ल एचडीएल वाढवते तसे एलडीएलही वाढवते. धडधाकट दारांच्या माणसाने नारळ किती खावा हा त्याचा प्रश्न. मी त्याला काही सांगायला जात नाही. मी फक्त माझ्या मानशीबद्दल बोलते आहे.

घरात सर्वांत मोठा विरोध माझ्या सासूबाईंचा, म्हणजे मांयचा झाला. सत्तरी ओलांडलेल्या या बाईने आयुष्यभर कोणालाही उपाशी पाठवलेले नाही, आणि त्यांच्या दृष्टीने पातळ हुमण वाढणे हा पाहुण्याचा अपमान आहे. मी पहिल्यांदा अर्ध्या नारळाचे हुमण केले, तेव्हा त्यांनी चमचा वाटीत उभा धरून विचारले, "सोय नासतना हुमण कसलें गो तें?" आणि त्यांचे बरोबर होते. मी नुसता नारळ कमी केला होता, त्याच्या जागी काहीच घातले नव्हते. हुमणाचा दाटपणा आणि तिखटाला लागणारा मवाळपणा ही दोन्ही कामे नारळ करत असतो. तो काढला तर ती कामे दुसऱ्या कोणाला तरी दिली पाहिजेत. मांयच्याच सल्ल्याने, कारण चिडल्या तरी त्या सुगरण आहेत, मी वाटणात भिजवलेल्या उकड्या तांदळाचा एक चमचा, भाजलेला कांदा आणि धणे थोडे अधिक घालू लागले. बांगड्याच्या हुमणात तेफळे तीच, सोलेही, म्हणजे आमसुलेही, तीच. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मांय काही बोलल्या नाहीत, आणि त्यांचे न बोलणे म्हणजे काय हे या घरात येऊन पंधरा वर्षे झालेल्या सुनेला कळते.

दाट रसाची सोलकढी आता सणालाच होते. रोजच्या जेवणाला नारळाविना केलेली फुटी कढी. मासे तळणे बंद केले नाही, पण रवा लावून तव्यावर, शेंगदाणा तेलाच्या एका चमच्यात. बांगडे आणि तारले यांच्याबद्दल मात्र एक गैरसमज मला दूर करावासा वाटतो: त्यांच्यातले ओमेगा-३ ट्रायग्लिसराइड कमी करायला मदत करते, एलडीएल कमी करत नाही. मी ते खाते कारण ते चांगले आहेत, स्वस्त आहेत, आणि मासे खाल्ले की त्या दिवशी दुसरे काही चरबीयुक्त खाल्ले जात नाही. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद असतात तेव्हा पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेले, खारवलेले मासे बाहेर निघतात. त्यांत मीठ किती असते हे सांगायला नको, म्हणून त्या दोन महिन्यांत मी कडधान्यांकडे वळते.

आणि कडधान्ये हीच या पथ्याची दुसरी बाजू आहे, ती पहिल्या वेळी माझ्या ध्यानातही आली नव्हती. काय सोडायचे याचीच यादी सगळे देतात. काय वाढवायचे ते कोणी सांगत नाही. पाण्यात विरघळून बुळबुळीत होणारा तंतू आतड्यात पित्ताम्लांना, म्हणजे पित्तातल्या चरबी पचवणाऱ्या आम्लांना, धरून ठेवतो आणि शरीराबाहेर नेतो. मग नवे पित्ताम्ल तयार करायला यकृताला कोलेस्टेरॉल लागते आणि ते रक्तातून ओढून घेण्यासाठी त्याला उरलेली दारे अधिक उघडावी लागतात. असा तंतू ओट्समध्ये आणि जवात असतो, अळसांदे, चवळी, राजमा यांत असतो, वांग्यात आणि भेंडीत असतो. पोईच्या कोंड्यात प्रामुख्याने असतो तो दुसऱ्या जातीचा, न विरघळणारा तंतू. तो पोट साफ ठेवतो, पण पित्ताम्लांना धरत नाही. माझ्या पोईच्या तीन महिन्यांचा हिशेब असा लागला. पोई मी अजूनही खाते, तिच्यावर औषधाचा आरोप न करता.

भेंडी चिरताना हाताला लागणारा चिकटपणा हाच तो तंतू, हे कळल्यापासून मी ती कुरकुरीत करण्याचा नाद सोडला. पावसाळ्यात सात शिरांची भेंडी बाजारात येते, ती सोलांचे पाणी घालून शिजवली तर नारळाची आठवण येत नाही. आगशीची वांगी मिळाली तर निखाऱ्यावर भाजून भरीत. सकाळी उकड्या तांदळाच्या पेजेऐवजी आठवड्यातले पाच दिवस ओट्सची पेज, तिच्यात मीठ आणि तोंडी लावायला आंब्याचे लोणचे. ओट्स दुधात गोड करून खायचे असतात असा नियम कोणी केला मला माहीत नाही, पेजेसारखे खाल्ले तर ते आपल्या घरातले वाटतात. ओट्स किंवा जवातून रोज तीन ग्रॅम बीटा-ग्लुकन, म्हणजे त्यांतला हा विरघळणारा तंतू, पोटात जावे असे सांगतात, आणि तेवढ्यासाठी ओट्सची एक मोठी वाटी लागते. रात्री जेवणापूर्वी दोन चमचे इसबगोल भरपूर पाण्यातून. मूठभर बदाम. काजू आमच्या भाटातले आहेत म्हणून तेही, पण न तळलेले आणि मोजून.

बेकरीबाबत मी कठोर झाले. पॅटिस, खारी, नानकटाई यांच्यातली चरबी बहुधा वनस्पती तुपाची किंवा पामतेलाची असते. औद्योगिक ट्रान्स चरबीवर आपल्याकडे जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, ही चांगली गोष्ट आहे, पण ट्रान्स चरबी गेली तरी पामतेलातली निम्मी चरबी संपृक्तच असते.

श्रावणाने मला दुसऱ्या वर्षी पुन्हा एकदा शिकवले. शिवराक जेवण म्हणजे हलके जेवण, असे आपण धरून चालतो. बाबांनीही आयुष्यभर तेच धरले. पण मासळी बंद झाली की ताटात काय येते, ते मी त्या महिन्यात लिहून काढले: हळदीच्या पानातल्या पातोळ्या, मुगागाठी, खतखते, नारळाच्या रसातले मणगणे, दर सोमवारी काहीतरी गोड. सगळे शिवराक, आणि सगळ्यांत मिळून नारळ मासळीच्या दिवसांपेक्षा अधिक. खतखते आणि मुगागाठी हे दोन्ही पदार्थ मुळात माझ्यासाठी उत्तम आहेत, डाळ, कडधान्य आणि दहा भाज्या एका भांड्यात; त्यांतला नारळ निम्मा केला आणि काम झाले. मणगण्याला उपाय नाही. ते चवथीला एकदा, एक वाटी. नाताळात शेजारची माझी मैत्रीण ताट पाठवते तेव्हाही असेच होते. बेबिंका म्हणजे अंड्याचा बलक, नारळाचा रस, तूप आणि साखर, जणू माझ्या निषिद्ध यादीवर थरावर थर चढवून कोणीतरी ती भट्टीत भाजली आहे. मी एक पातळ काप खाते. तिला नाही म्हणून पाठवणे मला जमणार नाही, आणि वर्षातून एका कापाने मानस फुटत नाही.

हे दुसरे पथ्य पाच महिने चालले. त्याच प्रयोगशाळेत एलडीएल २१९ आले, आणि खात्रीसाठी पंधरा दिवसांनी पुन्हा केले तेव्हा २२२. जवळपास पंधरा टक्के घट. मला फार आनंद झाला, आणि त्या आनंदात मी एक चूक केली: आणखी कडक झाले तर आणखी उतरेल, असे मानून डॉक्टरांनी सुचवलेल्या गोळ्या पुढे ढकलल्या. नारळ पूर्ण बंद केला, तूप बंद केले, वजन चार किलो घटले, घरात माझ्यासाठी वेगळे भांडे चढू लागले, आणि मांय माझ्याकडे आजारी माणसाकडे पाहावे तसे पाहू लागल्या. चार महिन्यांनी आकडा २१४.

नंतर वाचताना कळले, की असेच व्हायचे होते. टोरांटोचे डेव्हिड जेन्किन्स यांनी विरघळणारा तंतू, सोया, बदाम आणि वनस्पतिज स्टेरॉल, म्हणजे वनस्पतींतले कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ, हे सगळे एकत्र करून एक आहार तयार केला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात, जिथे लोकांना सगळे अन्न तयार करून दिले होते, एलडीएल एका महिन्यात सुमारे अठ्ठावीस टक्के घटले. पण २०११ साली त्याच आहाराचा प्रयोग लोकांना केवळ सल्ला देऊन, आपापल्या घरी आपापले अन्न खाऊ देऊन केला, तेव्हा सहा महिन्यांची घट तेरा टक्क्यांच्या घरात राहिली. म्हणजे फोंड्यातल्या एका स्वयंपाकघराने मिळवलेले पंधरा टक्के अजिबात कमी नव्हते. उणीव माझ्या निग्रहात नव्हती, दारांच्या संख्येत होती. मला शंभराच्या खाली यायचे होते. २५८ वरून शंभर म्हणजे साठ टक्क्यांहून अधिक घट, आणि इतकी घट कोणत्याही हुमणातून काढता येत नाही. ज्याचे कोलेस्टेरॉल केवळ खाण्याने वाढले आहे, त्याला पथ्य पुरेल. ज्याचे आई-वडिलांकडून आले आहे, त्याने पथ्याच्या भरवशावर गोळी टाळली, तर मधली वर्षे रक्तवाहिन्यांच्या खात्यात जमा होत राहतात. मी असे चार महत्त्वाचे महिने घालवले, आणि ते घालवताना मी फार शहाणपणा करते आहे असे मला वाटत होते.

गोळी सुरू झाली ती स्टॅटिन जातीची. या औषधाचे मूळ जपानच्या अकिरा एन्दो यांनी १९७० च्या दशकात एका बुरशीत शोधले, आणि ते काम करते तेही दारांवरच: यकृताचे स्वतःचे कोलेस्टेरॉल बनवणे ते रोखते, मग यकृत रक्तातून ते घेण्यासाठी अधिक रिसेप्टर तयार करते. सहा आठवड्यांत माझा आकडा १११ झाला. पहिल्या महिन्यात पोटऱ्या दुखल्या, आणि शाळेतल्या प्रत्येक सहकाऱ्याने गोळीमुळे यकृत खराब होते असे बजावले. यकृताची तपासणी व्यवस्थित आली, आणि पोटऱ्या का दुखत होत्या ते डॉक्टरांनी विचारल्यावर मला आठवले, की त्याच आठवड्यात मुलांची क्रीडास्पर्धा होती. शंभराच्या खाली येण्यासाठी नंतर एझेटिमाइब ही दुसरी गोळी आली, ती आतड्यातून शोषले जाणारे कोलेस्टेरॉल रोखते. आता आकडा ८८ आणि ९४ यांच्यामध्ये असतो. इसबगोल मी गोळ्यांच्या वेळेपासून दोन तास लांब ठेवते, कारण ते औषधालाही धरून ठेवू शकते. गणपतीवरच्या माटोळीला टांगलेले पपनस पाहून मी ते खाऊ की नको असे विचारले, तेव्हा काही स्टॅटिनांशी त्या जातीच्या फळांचे जमत नाही, माझ्या गोळीला मात्र अडचण नाही, असे उत्तर मिळाले. ज्यांची गोळी वेगळी आहे त्यांनी विचारून घ्यावे.

मग पथ्य कशाला, असे मला नवऱ्याने विचारले, आणि प्रश्न रास्त होता. त्याला मी गणितच मांडून दाखवले. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएल आणखी जेमतेम सहा टक्क्यांनी उतरते; माझे स्वयंपाकघर पंधरा टक्के उतरवते. म्हणजे नारळ अर्धा ठेवणे आणि ओट्सची पेज खाणे हे माझ्यासाठी डोस दोनदा दुप्पट करण्याहून अधिक आहे, आणि त्याने पोटऱ्या दुखत नाहीत. पूर्ण नारळ बंद करून मिळालेले ते शेवटचे पाच आकडे मात्र मी सोडून दिले. घरात आता एकच भांडे चढते. मांय सकाळी नारळ फोडतात, अर्धा खवतात आणि उरलेला अर्धा पालथा घालून फ्रीजमध्ये ठेवतात, आणि पाहुणे आले की दुसराही अर्धा काढतात, माझ्याकडे न पाहता.

मुलगा आणि मुलगी, दोघांचीही तपासणी झाली. मुलाचे एलडीएल ९६, मुलीचे १८४. ती अकरा वर्षांची आहे. तिच्यासाठी गोळी कधी सुरू करायची हे बालरोगतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ मिळून ठरवत आहेत. या दोषात मुलांना आठ ते दहा वर्षांच्या वयानंतर ती देता येते, हे कळल्यावर मी रात्रभर जागी होते, आणि सकाळी मला वाटले की बाबांना ती या वयात मिळाली असती तर ते आज कदाचित माझ्यासमोर बसले असते. तिला मी आजार सांगितला नाही, मानस सांगितली. आमच्या शाळेची सहल खाजनात गेली होती तेव्हा तिने ती पाहिली आहे. डब्यात ती आता अळसांद्यांचे सुके तोणाक नेते आणि मैत्रिणींच्या डब्यातली पॅटिस अर्धी खाते. अर्धी का, ते ती त्यांना कसे समजावते हे मी विचारलेले नाही.

राहिला माझा भाऊ. तो त्रेचाळीस वर्षांचा आहे, वास्कोला राहतो, बाबांसारखाच सडपातळ आहे, आणि तीन वर्षे झाली तरी त्याने तपासणी केलेली नाही. आधी त्याला वेळ नव्हता, मग उपाशीपोटी राहणे जमत नव्हते, मग सणवार होते. या पाचमीला, चवथीच्या दुसऱ्या दिवशी, मी माहेरी जाईन तेव्हा तो तिथे असेल, आणि घरी येऊन रक्त घेणाऱ्या मुलाला मी सकाळी दहाची वेळ देऊन ठेवली आहे. पहिल्या तपासणीसाठी उपाशी असण्याची गरज नसते, नेवऱ्या खाऊन बसले तरी एलडीएलच्या आकड्यात फारसा फरक पडत नाही. त्याची ही सबब मी फोनवरच काढून घेतली आहे.